मुकादमाचं तपासणी कार्ड

सशाला तंबूत मुक्कामाला न्यावं का, असं आजही कुणी मिस्त्रीला विचारलं, तर तो आधी घसा खाकरतो, इकडेतिकडे बघतो आणि मग म्हणतो, “सशाला विचारा.” लोक हसतात. त्यांना वाटतं गडी विनोद करतोय. पण मिस्त्री विनोद करत नसतो. खाई त्याला खवखवे, तसं त्याचं झालंय. कॅलेंडरवर सशाचं चित्र दिसलं तरी हा माणूस पान उलटून टाकतो, मग महिना संपलेला असो वा नसो.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचा मिस्त्री. एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा लिफ्टच्या खड्ड्यात उतरला, आता चव्वेचाळिसावं चालू आहे. एवढ्या वर्षांत त्याने शहराच्या निम्म्या इमारती आतून पाहिल्या, म्हणजे अंधार, वंगण आणि दोर पाहिले. चांगली लिफ्ट कशी ओळखायची, तर ती ऐकू येत नाही. आवाज आला की बिघाड, आवाज नाही म्हणजे सगळं ठीक. पंचवीस वर्षं त्याने हेच एक गणित सोडवलं आणि घरी आल्यावरही तेच लावलं, कारण दुसरं त्याला येतच नव्हतं. बायको गप्प, म्हणजे बायको सुखात. पोरगी गप्प, म्हणजे पोरगी शहाणी.

स्वतःही तो गप्पच. रागावला तर आवाज चढवायचा नाही, हात उगारायचा नाही. शेजारपाजारी त्याचं उदाहरण देत, नवरा असावा तर असा. आता त्याच्या गप्प बसण्याची किंमत घरात कोण मोजत होतं, ते शेजाऱ्यांना कुठून कळणार?

त्याच्या कामातली एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रत्येक लिफ्टच्या मशीनच्या खोलीत भिंतीला एक कार्ड टांगलेलं असतं. दोर, ब्रेक, दार, तेल, घंटा, अशा दहा-बारा गोष्टींची नावं आणि पुढे रिकामे चौकोन. मिस्त्रीने वर जायचं, एकेक वस्तू बघायची, बरोबर असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. पण सगळेच काही एवढे मजले चढत नाहीत. कुणी खाली चहा पीत बसतो आणि तिथूनच अख्खं कार्ड भरून टाकतो. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार. आपल्या मिस्त्रीला अशी कार्डं लांबून ओळखता यायची. खरं कार्ड ओबडधोबड असतं. एक खूण ठसठशीत, एक पुसट, मध्येच तेलाचा अंगठा, कुठे पेन बदललेलं. खोट्या कार्डावरच्या सगळ्या खुणा एका दमात केलेल्या, एकाच बाजूला कललेल्या. एकदा त्याने आपल्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या सहकाऱ्याचं असं कार्ड सगळ्यांसमोर धरलं आणि त्याला अकरा मजले परत चढायला लावले. ओरडला नाही. नुसता जिन्याकडे बोट करून उभा राहिला. त्या गोष्टीचा त्याला अभिमान होता.

घरात बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला, शनिवारी तिथे गर्दी, त्यामुळे तिला सुटी फक्त रविवारी. मुलीला घरात बबडी म्हणत. आणि चौथा मुकादम.

मुकादम म्हणजे ससा. राखाडी रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. बायकोच्या दुकानातल्या एकीने घर बदलताना यांच्या गळ्यात मारला. आल्या दिवसापासून त्याने घराचा ताबा घेतला. कुणी लोळताना दिसलं की जवळ येऊन मागचा पाय जमिनीवर आपटायचा. मिस्त्री अंगाला वंगणाचा वास घेऊन आला की दोनदा आपटायचा. मजूर कामावर उशिरा आल्यासारखा बघायचा. म्हणून मुकादम. बबडी शाळेतून आली की तो तिच्या पायांभोवती गोल गोल पळायचा, आणि मग दोघं पलंगाखाली शिरून अर्धा अर्धा तास काय खलबतं करायचे, देव जाणे.

मिस्त्रीला एकच शौक होता, तंबू ठोकून उघड्यावर राहायचं. आठवडाभर विहिरीसारख्या अंधारात काढल्यावर माणसाला आभाळ हवंसं वाटलं तर त्याची चूक नाही. एकाआड एक शनिवार-रविवार लिफ्टच्या तक्रारींचा फोन दुसऱ्या मिस्त्रीकडे असे, तेव्हा तो तलावाकाठी जायचा. आणखी चार-पाच कुटुंबं यायची. त्यांचा पुढारी एक निवृत्त पोस्टमास्तर, सत्तरीचा, पण तंबूच्या दोरीला गाठ मारताना विशीतला. बबडी नऊ वर्षांची झाल्यावर मिस्त्रीने तिला बरोबर न्यायचं ठरवलं. मनातून त्याला भीती वाटत होती. पोरगी मोठी होत चाललीय आणि आपण तिला फक्त झोपलेली बघतोय. महिन्यातून एकदा तरी पूर्ण दोन दिवस ती आपल्या वाट्याला यावी, एवढंच त्याला हवं होतं.

पहिल्या खेपेला मुकादम खालच्या मजल्यावरच्या शिंपीणमावशींकडे राहिला. मावशींची मोजमापाची टेप त्याने कुरतडली, पण मावशींना त्याचं काहीच वाटलं नाही. एकट्या बाईला तेवढीच सोबत. इकडे तलावाकाठी बबडीने दुपारपर्यंत दगड गोळा केले आणि ऊन उतरल्यावर विचारायला सुरुवात केली, मुकादम काय करत असेल, त्याला पाणी दिलं असेल का, घरी कधी जायचं. मिस्त्रीला ते लागलं. त्याच्या मनात आलं, दोन दिवस मिळाले, तेही सशाने खाल्ले.

घरी येऊन त्याने जाहीर केलं, पुढच्या वेळी मुकादम बरोबर येणार. बायको म्हणाली, नको. ससा घरकोंबडा जीव, त्याला कोपरा बदललेला चालत नाही, मावशी आनंदाने ठेवतायत तर ठेवा. बबडीलाही विचारलं गेलं. ती म्हणाली, त्याला गाडीची भीती वाटते. मिस्त्री म्हणाला, लोकांवर किती दिवस ओझं टाकायचं? मावशींना ओझं वाटत नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. प्राण्यांचा दवाखाना त्याच्या रोजच्या रस्त्यावर होता. दार ढकलून दोन प्रश्न विचारायला पाच मिनिटं पुरली असती. पण त्याने विचारलं नाही, कारण उत्तर नको असलं की माणूस बरोबर त्याच दारावरून पुढे जातो. ही गोष्ट त्याला पुढे सगळ्यात जास्त टोचली.

त्याऐवजी त्याने पेटी बनवली. काय सांगावी ती पेटी! घडीची, प्लायवूडची, तीन बाजूंना जाळी, मोडीत निघालेल्या लिफ्टचे रबरी तुकडे खाली लावलेले, म्हणजे गाडीत धक्का बसू नये. दाराला लिफ्टच्या केबिनची कडी. तीन रविवार तो गॅलरीत ठोकठोक करत होता. आणि पेटीच्या बाजूला त्याने टांगलं एक कार्ड. स्वतःच्या हाताने आखलेलं. पाणी, गवत, पाला, लेंड्या, सावली, कडी. प्रत्येकापुढे सकाळ, दुपार, संध्याकाळचे चौकोन. कार्डाचं काम बबडीकडे. तिला समोर बसवून त्याने सांगितलं, खूण केली म्हणजे डोळ्यांनी बघितलं, न बघता खूण करायची नाही. बबडीने मान डोलावली. तिला पेन दोऱ्याने बांधून दिलं.

मुकादमाची पहिली सहल अशी झाली. गाडीतून उतरवल्यापासून तो पेटीच्या कोपऱ्यात गेला आणि तिथेच राहिला. दोन्ही कान पाठीला चिकटलेले, डोळे मोठे, अंग आक्रसलेलं. पाय आपटणं नाही, पळणं नाही. सगळी मंडळी गोळा झाली. काय गुणी प्राणी आहे, किती शांत, आमचं कुत्रं बघा, दोन मिनिटं बसेल तर शपथ, असं जो तो बोलू लागला. पोस्टमास्तरांनी पेटीची कडी दहा वेळा उघडून पाहिली आणि मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली. मिस्त्रीची छाती दोन इंच फुगली. बबडी त्याच्या शर्टाला धरून हळूच म्हणाली, घरी तो असा नसतो. मिस्त्री म्हणाला, अगं, बाहेरची हवा मानवली त्याला.

रविवारी सकाळी त्याने कार्ड पाहिलं. पाण्यापुढे फुली. गवतापुढे फुली. पाल्यापुढे तीन फुल्या. लेंड्यांपुढे फुली. सावली आणि कडी तेवढी बरोबर. पोरीने शिकवलं तसं चोख काम केलं होतं. डोळ्यांनी बघितलं होतं आणि लिहिलं होतं.

आणि मिस्त्रीचं तोंड उतरलं. तो काही बोलला नाही. तंबूच्या खुंट्या उपटू लागला, एकेक खुंटी गरजेपेक्षा जास्त वेळ पुसू लागला. न्याहारीला बोलावलं तर भूक नाही म्हणाला. अख्ख्या परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द नाही. घराजवळच्या वळणावर मात्र तो समोर बघत म्हणाला, “मग पुढच्या वेळी जायलाच नको आपण.” झालं. बोलला आणि विसरला. संध्याकाळी जेवला, हसला, दुसऱ्या दिवशी कामावर गेला. मुकादमही घरात आल्या आल्या पलंगाखाली शिरला आणि तासाभराने गवतावर तुटून पडला. मिस्त्रीने ते पाहून मनाची समजूत घातली, की पहिली खेप होती, सवय होईल.

मुकादमाच्या दुसऱ्या खेपेला कार्डावर एकही फुली नव्हती. पाणी बरोबर, गवत बरोबर, पाला बरोबर, लेंड्या बरोबर. मिस्त्रीने ते कार्ड सगळ्या तंबूंमधून फिरवलं. बबडीला खांद्यावर बसवून तलावाला फेरी मारली, तिला पाण्यावर चपटा दगड कसा उडवायचा ते शिकवलं. वाटेत दोघांनी गाणी म्हटली. घरी येऊन त्याने कार्ड फ्रिजला लावलं आणि बायकोला म्हणाला, बघ, मानवलं ना? बायकोने कार्डाकडे पाहिलं, मग मुकादमाकडे पाहिलं. तो गवतात तोंड खुपसून अधाशासारखा खात होता. ती म्हणाली, हा तर आठवड्याचा उपाशी असल्यासारखा खातोय. मिस्त्री म्हणाला, हवापालट झाला की भूक लागतेच. पालथ्या घड्यावर पाणी. तिने पुन्हा विषय काढला नाही.

तिसरी खेपही तशीच. कार्ड चोख, मिस्त्री खूश, पोरगी गुणी, ससा गप्प. पोस्टमास्तर तर म्हणाले, हे कार्ड छापून सगळ्यांना वाटा.

चौथ्या खेपेला ऊन फार होतं. शनिवारी दुपारी तलावाकाठी दुसरी एक टोळी आली, त्यांनी मोठ्ठा स्पीकर लावला. त्यांचा कुत्रा दोनदा येऊन पेटीची जाळी हुंगून गेला. बबडीने पेटी तंबूत आत ओढली, तर आत आणखी उकडायला लागलं, म्हणून परत बाहेर झाडाखाली नेली. तिची दिवसभर हीच ये-जा चालली होती. मिस्त्री माणसांबरोबर चूल पेटवण्यात दंग होता. अधूनमधून तो लांबूनच विचारायचा, “खाल्लं का मुकादमाने?” आणि बबडी लांबूनच सांगायची, “खाल्लं.”

रविवारी दुपारी घर गाठलं. पेटी उघडली, पण मुकादम पलंगाखाली गेला नाही. जिथे ठेवला तिथेच बसून राहिला, पोट जमिनीला टेकवून, दात करकर वाजवत. बायकोने त्याला उचललं, पोटावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा बदलला. पोट घट्ट लागत होतं. ती एवढंच म्हणाली, “गाडी काढा.”

रविवारी दवाखाना संध्याकाळपर्यंत उघडा असतो, हे तिला माहीत होतं. मिस्त्रीला नव्हतं. रोजच्या रस्त्यावरचा दवाखाना असूनही.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, बोलणं त्याहून आखूड. त्यांनी मुकादमाला टेबलावरच्या टॉवेलवर ठेवलं, पोटाला नळी लावून कानाने ऐकलं, बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, शेवटचं खाल्लं कधी?

मिस्त्रीने खिशातून कार्ड काढलं. अहो, खरंच काढलं. एवढ्या गडबडीतही ते त्याने पेटीवरून सोडवून घडी करून खिशात ठेवलं होतं, आणि आता बाईंपुढे धरताना त्याला थोडा अभिमानच वाटत होता, की दुसरी माणसं अंदाजे सांगत असतील, आपल्याकडे लेखी आहे. “आज सकाळपर्यंत व्यवस्थित खाल्लंय,” तो म्हणाला. “लेंड्याही झाल्यात. सगळं बघून लिहिलेलं आहे.”

बाईंनी कार्ड वाचलं. पुन्हा मुकादमाच्या पोटावर बोटं ठेवली. मग म्हणाल्या, असं होऊ शकत नाही. ज्याने सकाळी खाल्लंय त्याचं पोट असं बंद पडलेलं नसतं. निदान चोवीस तास याच्या पोटात काही गेलेलं नाही. आणि कार्ड त्याला परत दिलं.

आता त्याने ते कार्ड पहिल्यांदा मिस्त्रीच्या डोळ्यांनी पाहिलं. बापाच्या डोळ्यांनी अशी कार्डं तीन वेळा पाहिली होती. सगळ्या खुणा एकाच बाजूला कललेल्या. शाई एकसारखी. कुठे पाण्याचा थेंब नाही, गवताचा हिरवा डाग नाही, एक खूण पुसट नाही. शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ एका दमात, एका बैठकीत भरलेली. असं कार्ड अकराव्या मजल्यावर दिसलं असतं, तर त्याने अर्ध्या मिनिटात ओळखलं असतं. इथे दोन खेपा त्याने असंच कार्ड फ्रिजला लावून मिरवलं होतं.

त्याने बबडीकडे पाहिलं. ती आईला चिकटून उभी होती, फ्रॉकचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. बाईंनी खाली वाकून तिला विचारलं, बाळा, खरं किती वाजता खाल्लं होतं त्याने? बबडीने उत्तर द्यायच्या आधी बापाच्या तोंडाकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, बाबांकडे नको, माझ्याकडे बघ.

मग तिने सांगितलं. काल सकाळी निघाल्यापासून काहीच नाही. पाणीसुद्धा नाही. पाला ती तंबूमागच्या झुडपात टाकून देत होती, म्हणजे पेटीत शिल्लक दिसू नये. लेंड्या घरून कागदात बांधून नेत होती. आधीच्या दोन खेपांनाही असंच केलं. तेव्हा घरी आल्यावर तो खायचा, म्हणून तिला वाटलं होतं, आजही खाईल.

कागदात बांधून नेत होती. हे ऐकून बायकोने पोरीचा पट्ट्याशी चाळा करणारा हात आपल्या हातात धरला.

बाईंनी पोरीला एक शब्द लावला नाही. त्यांनी मिस्त्रीकडे मोर्चा वळवला. ससा मांजरासारखा ओरडत नाही, त्या म्हणाल्या. पळायला जागा नसली की तो निपचित बसतो. तुम्हाला तो शांत दिसला, तेव्हा तो मरणाला भ्यालेला होता. त्याला घरी ठेवा, ओळखीच्या माणसाकडे ठेवा, पण तुमच्या हौसेसाठी याला उन्हातान्हात फिरवू नका. आणखी काही तास गेले असते तर मला काहीच करता आलं नसतं, आताही हमी देत नाही. एवढं बोलून त्यांनी सलाईन मागवलं आणि तिघांना बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर एक लांब बाक होता. बायको दाराच्या काचेपाशीच उभी राहिली. बाप-लेक बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याकडे बघत मिस्त्री किती वेळ बसला कोण जाणे. त्याला पोरीचा राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि ती लाज ठेवायला त्याच्याकडे जागा नव्हती. शेवटी त्याने विचारलं, “मी रागावेन म्हणून सांगितलं नाहीस?”

“नाही,” बबडी म्हणाली. “तू रागावत नाहीस. तू गप्प बसतोस.”

मिस्त्री काही बोलणार तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की आत्ताही आपण गप्पच बसलो होतो.

“तू म्हणालास ना, मग जायलाच नको. आणि तुला तर तिथे खूप आवडतं. तिथे तू गाणी म्हणतोस.” मग ती म्हणाली, “मुकादम मेला तर ते माझ्यामुळे का?”

“नाही,” मिस्त्री म्हणाला. “माझ्यामुळे.” एवढंच त्याला म्हणता आलं, पण ते त्याने तिच्याकडे तोंड करून म्हटलं.

पोरीसाठी म्हणून त्याने सशाला नेलं होतं. आणि पोरीने बापासाठी म्हणून सशाचं उपाशी राहणं लपवलं होतं. दोघांची माया मुकादमाच्या पोटावर निघाली. बायको काचेपासून वळून म्हणाली, मीही एकदाच बोलले होते, मग सोडून दिलं, तुमचं तोंड कोण बघत बसणार म्हणून. ती भांडत नव्हती. कबुली देत होती. मिस्त्रीला वाटलं, त्यापेक्षा हिने चारचौघांत दोन तोंडात मारल्या असत्या तर परवडलं असतं.

मुकादम वाचला. लगेच नाही वाचला, तीन दिवस जीव टांगणीला लावून वाचला. मिस्त्रीने आयुष्यात पहिल्यांदा सलग तीन दिवस रजा टाकली आणि दर दोन-तीन तासांनी पिचकारीने त्याच्या गालात पातळ औषधी खाद्य सोडत बसला. मुकादम निम्मं गिळायचा, निम्मं मिस्त्रीच्या शर्टावर उडवायचा. पाय दाबून धरताना त्याच्या छातीची धडधड मिस्त्रीच्या तळहाताला लागायची. इतकी जोरात की त्याला वाटायचं, ही चार महिने अशीच चालली होती आणि मी पेटीच्या कडीचं कौतुक ऐकत होतो. मंगळवारी दुपारी मुकादमाने तीन लेंड्या टाकल्या, बारीक, वाटाण्याहून लहान. मिस्त्रीने बायकोला दुकानात फोन करून सांगितलं. तिच्यासमोर गिऱ्हाईक बसलं होतं, तरी ती तिथेच रडली. बबडी शाळेतून आल्यावर त्याने तिला पेपरवर ठेवलेल्या त्या तीन लेंड्या दाखवल्या, आणि दोघं त्यांच्याकडे सोन्याचा खजिना सापडल्यासारखे बघत बसले.

गुरुवारी तो कामावर गेला. ज्याला अकरा मजले चढायला लावले होते, तो सहकारी जिन्यात भेटला. म्हणाला, काय रे, घरी आजारपण होतं म्हणे? मिस्त्रीला त्याच्या डोळ्याला डोळा देववेना. हो म्हणाला आणि हत्यारांची पिशवी उगीच उघडून बसला.

पेटी त्याने मोडली. जाळी मावशींना रोपांसाठी दिली, बाकीचं भंगारात. कार्डं फाडली. मावशींना जाऊन स्वतः सांगितलं, की पुढे कुठे जायची वेळ आली तर मुकादम तुमच्याकडेच राहील, चालेल का? मावशी म्हणाल्या, अहो, मी तर पहिल्यापासून मनात तेच म्हणत होते. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्याही गप्प बसल्या होत्या. मिस्त्री जिना चढून वर येताना मोजत होता, आपल्यापुढे गप्प बसणारी माणसं एकूण किती, आणि बोटं पुरली नाहीत म्हणून त्याने मोजणं सोडलं.

मग पुढचा सुटीचा शनिवार जवळ आला. पोस्टमास्तरांचा निरोप आला, येताय ना? मिस्त्रीने उद्या कळवतो म्हटलं. संध्याकाळी बबडी जमिनीवर बसून भूमितीच्या वहीत रेघा मारत होती. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. त्याने बोलणं मनात चार वेळा घोळवलं होतं. मुकादम आता कधीच येणार नाही, तो मावशींकडे राहील, हे त्याने आधी सांगून टाकलं. बबडी म्हणाली, बरं.

“आणि तू? तुला यायचंय का?”

“हो,” ती म्हणाली. लगेच. हसून.

सहा महिन्यांपूर्वी मिस्त्री या उत्तरावर उड्या मारत तंबू काढायला गेला असता. आता ते ‘हो’ त्याच्यापुढे तसंच पडून राहिलं. ती खरंच यायचंय म्हणून म्हणतेय, की त्याला बरं वाटावं म्हणून म्हणतेय, हे ओळखायची काहीच युक्ती त्याच्याकडे नव्हती. एक काळ असेल, तिचं ‘हो’ म्हणजे ‘हो’ होतं आणि फुली म्हणजे फुली. तो त्याने एका सकाळी खुंट्या पुसत पुसत घालवला होता.

“नीट विचार करून सांग,” तो म्हणाला. “यायचं नसेल तर नाही म्हण. मला वाईट वाटणार नाही. आपण घरीच काहीतरी करू. तू म्हणशील तसं.”

बबडीने पेन्सिल खाली ठेवली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कपाळ पाहिलं, तोंडाचे कोपरे पाहिले, सावकाश, अभ्यास केल्यासारखं. मग अगदी प्रेमाने विचारलं, “बाबा, मी काय म्हटलेलं तुला आवडेल?”

मिस्त्रीने तिला जवळ ओढलं आणि आपलं तोंड तिच्या पाठीमागे लपवलं, म्हणजे तिला ते वाचता येणार नाही.